बोट उचलल्यानंतरचे सेकंद

दाराच्या घंटीचे बटण हा विजेच्या साधनांमधला अतिशय साधा प्रकार आहे. बोटाने दाबले की आतली धातूची पट्टी दोन टोकांना जोडते, मंडल पूर्ण होते आणि घंटी वाजते. बोट उचलले की स्प्रिंग त्या पट्टीला मागे ढकलते आणि मंडल तुटते. अशा बटणाची चालू अवस्था बोटाच्या दाबाइतकीच टिकते. याच बटणाकडून थोडी वेगळी अपेक्षा केली, म्हणजे ते दाबून सोडल्यावरही दिवा आणखी दहा सेकंद जळत राहावा, किंवा ते सलग तीन सेकंद दाबून धरल्याखेरीज यंत्र सुरू होऊ नये, तर मागणी किरकोळ वाटते. परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन ‘थोडा वेळ थांबणारे साधे पुश बटण’ मागणाऱ्याच्या हाती बहुधा बटण पडत नाही. पडतो तो टायमर, रिले, सुटे भाग बसवलेली छापील मंडलाची पट्टी किंवा विद्युतपेटीत बसवायचा चौकोनी डबा, आणि बटण त्याला वेगळे जोडावे लागते. याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. बटणातल्या पट्टीची स्थिती ते आत्ता दाबलेले आहे की नाही एवढेच सांगते. ते मघाशी दाबले होते ही गोष्ट टिकवायची तर कुठेतरी ऊर्जेचा छोटासा साठा करावा लागतो, आणि तो साठा ठरावीक गतीने रिता होण्याची सोय करावी लागते.

विलंब निर्माण करणाऱ्या जुन्या साधनांचा आराखडा म्हणूनच सारखा दिसतो. त्यात एक साठा असतो, त्या साठ्याला जोडलेली एक अरुंद वाट असते, आणि साठा ज्या पातळीला पोचला की घटना घडते असा एक उंबरठा असतो. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी वापरले जाणारे घटिकापात्र हे याचे जुने आणि स्वच्छ उदाहरण म्हणता येईल. बुडाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यावर तरंगत ठेवले जाई, छिद्रातून पाणी आत झिरपे, आणि भांडे भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे धरले जाई. अहोरात्राच्या ६० घटिका आणि घटिकेची ६० पळे या हिशेबाने एक पळ २४ सेकंदांचे होते, म्हणजे जिन्यातला दिवा एका दाबात २ मिनिटे जळतो तेव्हा तो ५ पळे जळतो. भांडे मोठे केले तर वेळ वाढते, छिद्र मोठे केले तर ती घटते, आणि छिद्रात गाळ अडकला तर सगळाच हिशेब बिघडतो. आधुनिक विलंब-बटणांचे गुणदोषही याच तीन जागी शोधावे लागतात. साठवायची वस्तू मात्र पाणीच असली पाहिजे असे नाही. हवा, उष्णता, चुंबकत्व आणि विद्युतभार या चारही गोष्टी या कामासाठी वापरल्या गेल्या आहेत.

हवेवर चालणारे बटण हे ‘साधे बटण’ या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाते. युरोपातल्या इमारतींच्या जिन्यांत आणि सामायिक मार्गिकांत असे रुंद डोक्याचे बटण भिंतीवर बसवलेले आढळते. ते आत ढकलले की त्यामागचा दट्ट्या किंवा रबरी पडदा आतली हवा झडपेवाटे बाहेर टाकतो, स्प्रिंग दाबली जाते आणि विजेचे संपर्क जुळतात. हात काढल्यावर स्प्रिंग बटणाला पुन्हा बाहेर ढकलू पाहते, पण त्यासाठी बाहेरची हवा आत शिरायला हवी, आणि तिची वाट एका टोकदार स्क्रूने जवळजवळ बंद केलेली असते. त्यामुळे बटण सावकाश बाहेर येते आणि प्रवासाच्या शेवटी संपर्क सोडते. स्क्रू घट्ट केला तर वेळ काही मिनिटांपर्यंत वाढते, सैल केला तर ती काही सेकंदांवर येते. सार्वजनिक ठिकाणी दाबले की ठरावीक वेळ पाणी सोडून आपोआप बंद होणारे नळ असतात, त्यांतही हवेच्या जागी पाणी घेऊन हेच तत्त्व वापरलेले असते.

या यांत्रिक बटणाचा मोठा गुण असा की त्याला स्वतःसाठी वीज लागत नाही. ते जुन्या स्विचच्या जागी, त्याच दोन तारांवर बसते, बटण बाहेर आलेले असताना त्यातून वीज अजिबात वाहत नाही, आणि दिवा कोणत्या प्रकारचा आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. दोषही तेवढेच स्पष्ट आहेत. हवेची वाट इतकी बारीक असते की धुळीचा कण वेळ बदलू शकतो, रबर वयाप्रमाणे कडक होते, आणि दहा सेकंदांवर लावलेले बटण काही वर्षांनी सात किंवा पंधरा सेकंद घेऊ लागले तर त्यात नवल नाही. जिन्यातल्या दिव्याला एवढी चूक चालते. एखाद्या यंत्राच्या दोन टप्प्यांमधले अंतर राखायचे असेल तर ती चालत नाही.

उष्णतेचा साठा वापरणारे एक विलंब-साधन महाराष्ट्रातल्या घराघरांत वर्षानुवर्षे होते, ते म्हणजे ट्यूबलाइटचा स्टार्टर. स्टार्टरच्या छोट्या काचेच्या नळीत विरल वायू आणि दोन धातूंच्या जोडपट्टीचे टोक असते. या दोन धातू तापल्यावर असमान प्रसरण पावतात, म्हणून पट्टी वाकते. बटण चालू केल्यावर वायूत मंद प्रकाश पडतो, त्याच्या उष्णतेने पट्टी वाकून संपर्क जुळतात, प्रवाह ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तंतूंना तापवतो, तोवर स्टार्टरमधला प्रकाश विझून पट्टी थंड होते आणि संपर्क सोडते, आणि त्या क्षणी चोकमध्ये निर्माण होणारा व्होल्टतेचा झटका ट्यूब पेटवतो. उष्णतेवर आधारलेल्या विलंबाची उणीव अशी की साठा पूर्ण रिता होण्यापूर्वीच दुसऱ्यांदा वापर केला तर वेळ बदलते, कारण पट्टी आधीच कोमट असते. शिवाय डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत ती सारखे वागत नाही.

चुंबकत्वाचा साठा फारच अल्प काळ टिकतो, पण टेलिफोनच्या इतिहासात त्याने मोठे काम केले आहे. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच: लहान प्रवाह वेटोळ्यातून गेला की लोखंडी गाभा चुंबक बनतो, समोरची लोखंडी पट्टी ओढली जाते आणि तिच्याशी जोडलेले संपर्क मोठा प्रवाह चालू किंवा बंद करतात. या गाभ्यावर तांब्याचे जाड कडे बसवले तर वेटोळ्यातला प्रवाह तोडल्यावर घटू लागलेले चुंबकक्षेत्र त्या कड्यात प्रवाह निर्माण करते, आणि लेंझच्या नियमानुसार तो प्रवाह क्षेत्र घटण्याला विरोध करतो. परिणामी रिले सेकंदाच्या काही दशांश भागांइतका उशिरा सुटतो. आल्मन स्ट्राउजर यांच्या १८९१ च्या पेटंटपासून सुरू झालेल्या स्वयंचलित टेलिफोन केंद्रांत, जी भारतातही अनेक दशके चालली, अशा संथ रिलेंवर फार मोठी भिस्त होती. डायल फिरवली की ती सेकंदाला सुमारे दहा वेळा मंडल तोडत असे, आणि केंद्राला ही अल्पशी तूट आणि रिसीव्हर खाली ठेवल्यामुळे झालेली कायमची तूट यांत फरक करावा लागे. संथ रिले अल्प तुटीत सुटत नसे, दीर्घ तुटीत सुटत असे, आणि एवढ्यावरच ‘संभाषण चालू आहे’ आणि ‘संपले आहे’ हा निर्णय होई. सेकंदाचा तिसरा-चौथा भाग हा विलंब म्हणायला अगदी क्षुल्लक, पण एका संपूर्ण यंत्रणेची भाषा त्यावर उभी होती.

आज मात्र विलंब म्हटला की बहुतेक ठिकाणी विद्युतभाराचा साठा, म्हणजे कपॅसिटर किंवा धारित्र, पुढे येतो. दोन धातूंच्या पत्र्यांमध्ये विसंवाहक थर ठेवला की त्यावर भार साठवता येतो, आणि हा भार एका रोधातून, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणाऱ्या घटकातून, हळूहळू वाहू दिला की कपॅसिटरवरची व्होल्टता घटत जाते. ही घट सरळ रेषेत होत नाही; सुरुवातीला ती वेगाने होते, आणि भार कमी होईल तसतसा तिचा वेगही कमी होत जातो. रोध आणि धारिता यांचा गुणाकार केला की सेकंदांतच उत्तर येते, आणि त्याला काल-स्थिरांक म्हणतात. १०० किलोओहमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांचा काल-स्थिरांक १० सेकंद असतो, म्हणजे १२ व्होल्टपर्यंत भरलेला कपॅसिटर १० सेकंदांनी सुमारे ३७ टक्क्यांवर, म्हणजे ४.४ व्होल्टवर येतो, आणि पुढच्या १० सेकंदांत उरलेल्याच्या पुन्हा ३७ टक्क्यांवर. हे दोन घटक काही रुपयांत मिळतात. बटण दाबले की कपॅसिटर भरतो, सोडले की रोधातून रिकामा होऊ लागतो. आता फक्त त्याची व्होल्टता ‘पाहणारा’ आणि दिवा चालू ठेवणारा घटक हवा.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे रिलेच्या वेटोळ्यालाच समांतर कपॅसिटर जोडणे. येथे वेटोळे स्वतःच रोधाचे काम करते. १२ व्होल्टच्या लहान रिलेच्या वेटोळ्याचा रोध बहुधा ४०० ओहमच्या आसपास असतो, आणि त्याला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर काल-स्थिरांक ०.४ सेकंद येतो. रिले ओढला जाण्यासाठी लागणाऱ्या व्होल्टतेपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टतेलाही तो धरून राहतो, म्हणून प्रत्यक्ष विलंब याहून थोडा जास्त, साधारण अर्ध्या ते एका सेकंदाचा मिळतो. एवढाच विलंब पुरेसा असेल तर याहून साधे काही नाही, आणि अशा ठिकाणी महागडा टायमर बसवणे व्यर्थ आहे. एक काळजी मात्र घ्यावी लागते: रिकामा कपॅसिटर बटण दाबल्याच्या क्षणी फार मोठा प्रवाह ओढतो आणि बटणाचे नाजूक संपर्क जाळू शकतो, म्हणून त्याच्या वाटेत काही ओहमचा रोध ठेवतात. दहा सेकंदांचा विलंब या पद्धतीने हवा असेल तर कपॅसिटर बटणापेक्षा, किंबहुना रिलेपेक्षाही मोठा होऊन बसतो.

मोठ्या विलंबासाठी कपॅसिटरमधून जवळजवळ काहीच न घेता त्याची व्होल्टता ओळखणारा घटक लागतो, आणि मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर तसा आहे. त्याच्या ‘गेट’ या टोकावर पुरेशी व्होल्टता असली की तो मुख्य वाट उघडतो, आणि त्यासाठी गेटमधून सतत प्रवाह वाहावा लागत नाही. मंडल अगदी छोटे होते: बटण, कपॅसिटर, रोध, मॉसफेट. पण उंबरठ्याचा प्रश्न येथेच उभा राहतो. एकाच क्रमांकाच्या मॉसफेटचा उंबरठा निर्मात्याच्या माहितीपत्रकात ‘२ ते ४ व्होल्ट’ असा दिलेला असू शकतो, म्हणजे एका नगाचा २ आणि दुसऱ्याचा ४ असला तरी दोन्ही निर्दोषच ठरतात. वर सांगितलेल्या १०० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडच्या जोडीत १२ व्होल्टवरून ४ व्होल्टवर यायला ११ सेकंद लागतात, २ व्होल्टवर यायला जवळजवळ १८. त्यात अशा कपॅसिटरवर छापलेल्या धारितेत २० टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते, ती वेगळीच. दुसरी अडचण अशी की गेटची व्होल्टता सावकाश उतरते तेव्हा मॉसफेट काही काळ अर्धवट उघडा राहतो. या अवस्थेत दिवा मंद होत विझतो ते डोळ्यांना बरे वाटते, परंतु भार, म्हणजे जोडलेले उपकरण, मोठे असेल तर सगळी उष्णता ट्रान्झिस्टरमध्ये साठते आणि तो जळू शकतो.

सावकाश बदलणाऱ्या व्होल्टतेतून ठाम ‘हो’ किंवा ‘नाही’ काढण्याची युक्ती अमेरिकी वैज्ञानिक ऑटो श्मिट यांनी १९३० च्या दशकात, मज्जातंतूंमधल्या आवेगांचा अभ्यास करताना शोधली. त्यांच्या मंडलाला चालू होण्यासाठी एक उंबरठा आणि बंद होण्यासाठी त्याहून खालचा दुसरा उंबरठा असतो, त्यामुळे व्होल्टता सीमेवर रेंगाळली तरी ते चालू-बंद असे फडफडत नाही. आज ‘श्मिट ट्रिगर’ हे नाव असलेले अतिशय स्वस्त एकात्मिक मंडल, म्हणजे एकाच सिलिकॉन चकतीवर अनेक घटक कोरलेली चिप, कपॅसिटर आणि मॉसफेट यांच्या मध्ये बसवले की वरची अडचण सुटते.

उंबरठ्याच्या प्रश्नाचे अत्यंत सुंदर उत्तर मात्र हान्स कामेनझिंड या स्विस वंशाच्या अभियंत्याने दिले. सिग्नेटिक्स या कंपनीसाठी त्यांनी १९७१ मध्ये रचलेली ‘५५५’ ही चिप १९७२ मध्ये बाजारात आली, आणि अर्धशतक उलटूनही ती विकली जाते. तिच्या आत प्रत्येकी ५ किलोओहमचे तीन समान रोध एका ओळीत असतात आणि ते पुरवठ्याच्या व्होल्टतेचे तीन समान भाग करतात. एक तुलनाकार, म्हणजे दोन व्होल्टतांची तुलना करणारा घटक, कपॅसिटरची व्होल्टता दोन-तृतीयांश पातळीला पोचली का हे पाहतो, दुसरा ट्रिगरच्या टोकाची व्होल्टता एक-तृतीयांशाखाली गेली का हे पाहतो. बटण दाबून ट्रिगर खाली खेचला की बाहेरचा संकेत चालू होतो आणि कपॅसिटर भरू लागतो. तो दोन-तृतीयांशाला पोचला की संकेत बंद होतो आणि आतला एक ट्रान्झिस्टर कपॅसिटर रिकामा करून टाकतो. यातले मर्म असे की उंबरठाही पुरवठ्याच्याच प्रमाणात ठरतो आणि कपॅसिटरही त्याच पुरवठ्यातून भरतो, त्यामुळे बॅटरी उतरून १२ व्होल्टची ९ झाली तरी वेळ फारशी बदलत नाही. ही वेळ रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराच्या १.१ पट असते: ९१ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले तर १० सेकंद. ट्रान्झिस्टरांचे गुणधर्म, तापमान, बॅटरीचे वय, या सगळ्या अनिश्चित गोष्टी गुणोत्तरात परस्परांना छेदून जातात आणि फक्त बाहेरून जोडलेले दोन घटक उरतात. एवढ्या थोडक्या साधनांत एवढी स्थिरता देणारी रचना विद्युत-अभियांत्रिकीत क्वचितच आढळते.

५५५ लाही मर्यादा आहे, आणि ती साठ्याच्या गळतीची आहे. दोन मिनिटांच्या विलंबासाठी १ मेगाओहमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर कागदावर ११० सेकंद येतात. परंतु १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर कपॅसिटर ८ व्होल्टच्या उंबरठ्याजवळ पोचतो तेव्हा त्या रोधातून फक्त ४ मायक्रोअँपिअर प्रवाह येत असतो, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे रासायनिक द्रवाच्या साहाय्याने मोठी धारिता लहान आकारात देणारा कपॅसिटर, स्वतःच काही मायक्रोअँपिअर गळू देतो. गळती येणाऱ्या प्रवाहाच्या बरोबरीला आली की व्होल्टता उंबरठ्याच्या अलीकडेच थबकते आणि दिवा विझतच नाही. म्हणून मिनिटांच्या विलंबासाठी मोठा साठा सावकाश भरण्याचा हट्ट सोडून छोटा साठा वारंवार भरून-रिकामा करून मोजण्याची पद्धत अवलंबतात. ४०६० क्रमांकाच्या चिपमध्ये असा एक आंदोलक आणि त्याची आंदोलने मोजणारा चौदा पायऱ्यांचा गणक असतो. चौदा वेळा दोनाने भागले की १६,३८४ आंदोलनांतून एक पूर्ण आवर्तन मिळते, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाचे आंदोलन अडीच मिनिटांहून अधिक लांबते. बाजारात आज मिळणाऱ्या बहुतेक तयार पट्ट्यांवर याच कामासाठी आठ पायांचा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे आज्ञावली भरलेला चिमुकला संगणक, बसवलेला असतो. त्यात गळतीचा प्रश्न नाही, वेळ आकड्यांत भरता येते. त्याला बटणाच्या आणखी एका खोडीची दखल घ्यावी लागते: दाबले जाताना धातूची पट्टी काही मिलिसेकंद थरथरते आणि एका दाबाचे अनेक दाब भासतात, म्हणून आज्ञावलीत पहिल्या स्पर्शानंतर दहा-वीस मिलिसेकंद थांबण्याची सूचना लिहिलेली असते.

विलंब-बटण निवडताना ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती सेकंद’ हा. त्याहून महत्त्वाचे प्रश्न दुसरेच आहेत, आणि ते न विचारल्यामुळेच चुकीचा टायमर घरी येतो. सेकंद कोणत्या क्षणापासून मोजायचे? बटण सोडल्यापासून मोजायचे असतील तर त्याला बाजारात ‘ऑफ डिले’ म्हणतात. बटण दाबल्यापासून काही काळ थांबून मग चालू व्हायचे असेल तर ‘ऑन डिले’. आणि बोट कितीही वेळ राहिले तरी एका दाबाला एकच ठरावीक कालखंड मिळायचा असेल तर तो तिसरा प्रकार. साध्या ५५५ मंडलात बटण विलंबाहून जास्त काळ दाबून धरले तर संकेत बटण सुटेपर्यंत चालूच राहतो, म्हणजे कोणी काडी खोचून बटण अडकवले तर दिवा विझत नाही. हे टाळण्यासाठी बटण आणि ट्रिगर यांच्यामध्ये छोटा कपॅसिटर घालून दाबाचा केवळ आरंभच चिपपर्यंत पोचू द्यावा लागतो. आणि वेळ चालू असताना पुन्हा दाबले तर काय व्हावे? साधे ५५५ मंडल मधला दाब मानतच नाही. जिन्यात याचा अर्थ असा होतो की तळमजल्यावर एकाने दिवा लावला, एक मिनिट पन्नास सेकंदांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वृद्ध व्यक्तीने बटण दाबले, आणि दहाच सेकंदांनी ती पायरीवर असताना अंधार झाला. जिन्यासाठी दर दाबाला वेळ नव्याने मोजणारा टायमर घेणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. जर्मनीत प्रचलित असलेले अनेक जिना-टायमर तर विझण्यापूर्वी दिवा लुकलुकवून किंवा मंद करून पूर्वसूचना देतात. ही सोय आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांनीही आग्रहाने मागावी अशी आहे.

तारांचा आणि भाराचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. हवेच्या बटणाला दोन तारा पुरतात, पण विद्युतीय टायमरला स्वतः जागे राहण्यासाठी वीज लागते, आणि भिंतीतल्या स्विचपाशी अनेकदा फेज आणि दिव्याकडे जाणारी तार एवढ्याच असतात, न्यूट्रल नसते. दोन तारांवर चालणारे विद्युतीय टायमर आपला प्रवाह दिव्यातूनच घेतात. जुन्या तंतूच्या दिव्याला त्याचा पत्ता लागत नसे, एलईडी दिवा मात्र तेवढ्यावर मंद उजळतो किंवा मधूनमधून चमकतो. रिलेवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असे छापलेले असले तरी तो आकडा साध्या तापकासारख्या भारासाठी असतो; एलईडी दिव्यांच्या आतले कपॅसिटर चालू होताना क्षणिक मोठा प्रवाह ओढतात आणि अनेक दिवे एकत्र असले तर रिलेचे संपर्क वितळून चिकटू शकतात. तोच रिले एकदिश प्रवाहावर वापरायचा असेल तर फार कमी व्होल्टतेलाच चालतो, कारण आपल्या घरातला ५० हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि संपर्क सुटताना उडणारी ठिणगी त्या शून्यापाशी विझते. बॅटरीच्या प्रवाहाला असे शून्य नसते.

पुश बटण आणि विलंब यांचा संबंध महाराष्ट्राच्या शेतीत फार जवळून येतो, पण तिकडे त्याकडे अशा दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरवर हिरवे आणि लाल अशी दोन बटणे असतात. हिरवे बटण दाबले की आतले मोठे चुंबकीय वेटोळे संपर्क ओढून घेते, आणि त्यातलाच एक सहायक संपर्क बटणाला समांतर जुळून वेटोळ्याला धरून ठेवतो, म्हणून बोट उचलल्यावरही मोटर चालू राहते. वीज गेली की वेटोळे सुटते, आणि वीज परतली तरी कोणी पुन्हा हिरवे बटण दाबेपर्यंत मोटर बंदच राहते. ही योजना सुरक्षिततेसाठी केलेली आहे. परंतु शेतीला वीज पाळीपाळीने, अनेकदा रात्री मिळते, आणि दर वेळी अंधारात विहिरीवर जाऊन बटण दाबणे, साप-विंचवांच्या आणि काही भागांत बिबट्याच्या भीतीत, शेतकऱ्याला किती जड जाते हे सांगायला नको. म्हणून बटणाचे काम वीज येताच आपोआप करणारा ‘ऑटो स्विच’ सर्रास बसवला जातो.

यातून एकाच रोहित्राच्या, म्हणजे गावातल्या भाषेत एकाच डीपीच्या, सगळ्या मोटरी एका क्षणी सुरू होतात. थेट सुरू होणारी मोटर आरंभी पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. डझनभर मोटरींनी तो एकदम घेतला की व्होल्टता कोसळते, कोसळलेल्या व्होल्टतेत कोणतीच मोटर पुरेसा वेग पकडत नाही, आणि मोठा प्रवाह सेकंदांऐवजी कितीतरी जास्त काळ वाहत राहून फ्यूज उडतो किंवा रोहित्र जळते. ऑटो स्विच वापरू नयेत असे आवाहन महावितरणने वारंवार केले आहे, आणि रोहित्राच्या बाजूने पाहता ते रास्त आहे. पण रात्रीच्या चकरेचा त्रास त्याने मिटत नाही. ज्या ऑटो स्विचमध्ये ‘ऑन डिले’ आहे, म्हणजे तिन्ही फेज नीट आल्याची खात्री करून मग ठरावीक वेळ थांबणारा टायमर आहे, त्यात हा प्रश्न बराच सौम्य होतो. मात्र सर्वांनी कारखान्यातून आला तसाच, सारखाच विलंब ठेवला तर मोटरी पुन्हा एकाच क्षणी सुरू होतात, फक्त काही सेकंद उशिराने. म्हणून एका रोहित्रावरच्या शेतकऱ्यांनी आपापसांत ठरवून एकाने तीस सेकंद, दुसऱ्याने पंचेचाळीस, तिसऱ्याने साठ असे विलंब लावून घेणे श्रेयस्कर. खोल बोअरवेलमधल्या पाणबुडी पंपाला तर याहून मोठा विलंब लागतो, कारण वीज जाताच पाइपातला पाण्याचा उभा स्तंभ खाली उतरू लागतो, आणि पाणी रोखणारी झडप नसेल किंवा गळत असेल तर तो पंपाला उलटा फिरवतो. उलट्या फिरत्या पंपाला अशा वेळी वीज दिली तर त्याचा दांडा पिळवटून तुटू शकतो. अशा बोअरवर टायमर काही मिनिटांचा ठेवावा लागतो, आणि तो किती असावा हे पंपाच्या अश्वशक्तीपेक्षा पाइपातले पाणी खाली उतरायला किती वेळ लागतो यावरून ठरवावे लागते.